सराफ पूल आणि डिकसळचा पूल : एका एचिंगच्या निमित्ताने

या मालेत आपण बहुतेक वेळा कागदपत्रं, शिलालेख, नाणी यांच्यावर बोलतो. आज साधन जरा वेगळं घेतलं आहे. एक चित्र. तेही आपल्याकडचं नाही. पॅरिस शहरातल्या एका पुलाचं, सेन नदीवरच्या. त्या चित्रावरून आपण भीमेच्या काठावर, डिकसळला, यायचं आहे. आता पॅरिसहून डिकसळला जायला थेट गाडी नाही, त्यामुळे वाटेत दोन-तीन ठिकाणी गाडी बदलावी लागेल. सांभाळून घ्या.

आधी आपला भूगोल डोळ्यांसमोर आणू. बारामती आणि इंदापूर हे दोन तालुके नद्यांच्या मधोमध वसलेले आहेत. उत्तरेला भीमा, दक्षिणेला नीरा. सासवडकडून येणारी कऱ्हा बारामती शहरातून जाते आणि सोनगावपाशी नीरेला मिळते. नीरा पुढे नरसिंहपूरला भीमेत जाते. या प्रदेशाचं जुनं नावच भीमथडी. थडी म्हणजे काठ. म्हणजे आपली ओळखच काठावरून आहे. मग एक साधा प्रश्न पडतो : काठ दोन असतात, तर हे दोन काठ जोडायची सोय काय होती? पुलांचा इतिहास इथून सुरू होतो.

तांब्याचा पत्रा आणि तेजाब

आजचं चित्र हे एचिंग आहे. एचिंग म्हणजे काय, हे आधी समजून घेऊ, कारण चित्र कसं तयार झालं हे कळल्याशिवाय ते पुरावा म्हणून वापरता येत नाही.

तांब्याचा गुळगुळीत पत्रा घ्यायचा. त्यावर मेण आणि राळ यांचा पातळ थर द्यायचा. मग टोकदार सुईने त्या थरावर चित्र काढायचं. सुई जिथे जाते तिथलं मेण निघतं आणि तांबं उघडं पडतं. आता हा पत्रा तेजाबात बुडवायचा. सोनार सोन्याची पारख करताना वापरतात ते नायट्रिक आम्ल, तेच. जिथे तांबं उघडं आहे तिथे तेजाब ते खातं आणि बारीक चर पडतात. जास्त वेळ ठेवलं तर चर खोल, रेघ काळी. कमी वेळ ठेवलं तर रेघ फिकट. नंतर मेण काढून टाकायचं, पत्र्यावर शाई चोपडायची आणि वरची शाई पुसून घ्यायची. चरातली शाई तेवढी राहते. त्यावर ओलसर कागद ठेवून दोन रुळांमधून पत्रा दाबून काढायचा. रसवंतीतला चरक आठवा; ऊस जसा रुळांमधून जातो तसा हा पत्रा जातो. कागद चरातली शाई उचलून घेतो. झालं एचिंग.

यातल्या दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, कागदावर चित्र उलटं येतं. पत्र्यावर डावीकडे असलेलं देऊळ कागदावर उजवीकडे जातं. कोरणारा हुशार असेल तर तो आधीच उलटं कोरतो. नसेल, किंवा त्याला फिकीर नसेल, तर नदी उलट्या काठाने वाहताना दिसते! जुन्या छापील चित्रावरून एखाद्या जागेचा नकाशा करताना हे आधी तपासावं लागतं. दुसरी गोष्ट, एकदा छापून झालं तरी पत्रा संपत नाही. त्यावर पुन्हा काम करता येतं. काही रेघा घासून काढायच्या, काही नव्या कोरायच्या आणि पुन्हा छापायचं. अशा प्रत्येक टप्प्याला त्या पत्र्याची ‘अवस्था’ म्हणतात. पहिली अवस्था, दुसरी अवस्था. हा शब्द आपल्याला पुढे लागणार आहे.

तांब्याच्या पत्र्यावर कोरणं आपल्याला नवं नव्हतं. राष्ट्रकूट, शिलाहार, यादव यांचे ताम्रपट आपण वाचतो. पण ताम्रपट एकच असतो आणि तो जपायचा असतो. पत्र्याला शाई लावून त्याच्या शेकडो प्रती काढायच्या, ही कल्पना आपल्याकडे उशिरा रुजली. पेशवाईच्या शेवटच्या काळात पुण्यातल्या इंग्रज वकिलाच्या, म्हणजे चार्ल्स मॅलेटच्या, सहवासात इथल्या कारागिरांनी हे पाहिलं. नाना फडणवीसांच्या मनात तांब्याच्या पत्र्यांवर भगवद्गीता कोरून छापायचं होतं. ते काम पुण्यात तडीला गेलं नाही. कारागीर मिरजेला पटवर्धनांच्या आश्रयाला गेला आणि १८०५ मध्ये मिरजेला ती गीता छापून झाली. म्हणजे तांबट होता, पत्रा होता, छापण्याची युक्तीही आली होती. पण या पत्र्यावर आपण गीता कोरली. नदी, घाट, पूल कोरले नाहीत. ते काम साहेबांनी केलं, त्यांच्या नजरेने आणि त्यांच्या गिऱ्हाइकासाठी.

चित्रात काय आहे

आता पॅरिसला जाऊ. चित्रकाराचं नाव शार्ल मेरियों. जन्म १८२१. तो फ्रेंच नौदलात अधिकारी होता, थेट न्यूझीलंडपर्यंत जाऊन आलेला. पुढे नोकरी सोडून चित्रकार व्हायला निघाला, तर लक्षात आलं की आपल्याला रंग नीट ओळखता येत नाहीत. रंगांधळा माणूस चित्रकार कसा होणार? त्याने रंग सोडले आणि काळी शाई धरली. १८५० ते १८५४ या काळात त्याने पॅरिसची एचिंग्ज केली. आज या प्रकारातलं फार मोठं काम म्हणून ती ओळखली जातात.

त्यातलं १८५४ चं एक चित्र म्हणजे ‘पों ओ शांज’. शब्दशः, नाणी बदलून देणाऱ्यांचा पूल. आपल्या भाषेत सराफ पूल. या पुलावर पूर्वी सराफांची दुकानं होती, त्यावरून हे नाव पडलं. पुलावर दुतर्फा घरंही होती. ती १७८० च्या दशकात पाडली. म्हणजे मेरियोंने चित्र काढलं तेव्हा पुलावर ना सराफ होते ना घरं. नाव तेवढं राहिलं होतं. यात आपल्याला नवल वाटायला नको. पुण्यातला लकडी पूल बघा. दगडी होऊन पावणेदोनशे वर्षं झाली, तरी लोकांच्या तोंडी तो ‘लकडी’च आहे. नदीकाठची नावं पुरात वाहून जात नाहीत.

चित्रात जुना दगडी पूल आहे, त्याच्या कमानी आहेत, मागे न्यायालयाच्या जुन्या इमारतीचे बुरूज आहेत. पुलावर माणसांची गर्दी आहे. आकाशात एक मोठा फुगा आहे, माणसं घेऊन उडणारा. त्या काळातलं नवल. फुग्यावर नाव आहे ‘स्पेरांझा’. इटालियन शब्द, अर्थ आशा. लोक माना वर करून त्या आशेकडे पाहतायत. आणि खाली, नदीत, एक माणूस बुडतोय. त्याचा हात पाण्याबाहेर आला आहे. जवळच नाव आहे, नावेत माणसं आहेत, पण त्यांचं त्याच्याकडे लक्ष नाही.

आता हे चित्र कधीचं आहे ते पाहा. १८५३ मध्ये ओस्मान नावाचा अधिकारी पॅरिसचा कारभार पाहायला आला आणि त्याने तिसऱ्या नेपोलियनच्या हुकमाने जुनं शहर पाडायला घेतलं. रुंद रस्ते, नव्या इमारती, नवे पूल. हा सराफ पूलसुद्धा १८५८ मध्ये पाडायला सुरुवात झाली आणि १८६० मध्ये त्याच जागी नवा पूल उभा राहिला. नव्या पुलावर बादशहाच्या नावाचं अक्षर कोरलेलं आहे, आजही दिसतं. म्हणजे मेरियोंने जो पूल कोरला तो चार-सहा वर्षांत नाहीसा झाला. शहर नवं होत होतं, रुंद होत होतं, स्वच्छ होत होतं, हे खरंच. पण जुन्या गल्ल्यांतल्या गरिबांची घरं गेली आणि ती माणसं शहराच्या कडेला फेकली गेली, हेही खरंच. मेरियोंने याच्यावर लेख लिहिला नाही. त्याने फुगा काढला आणि बुडणारा माणूस काढला.

पत्र्याच्या अवस्था

या चित्राची गोष्ट इथे थांबत नाही. मेरियोंने हाच पत्रा पुन्हा पुन्हा हातात घेतला. त्याच्या दहाच्या वर अवस्था आहेत. एका टप्प्यावर त्याने तो आशेचा फुगा घासून काढून टाकला आणि त्या जागी पक्ष्यांचा थवा कोरला. मोठे, काळे, अंगावर येणारे पक्षी. नंतरच्या अवस्थांमध्ये पुन्हा फुगे आले, पण लहान लहान. पूल तोच, नदी तीच, आकाश मात्र दर वेळी बदलतं.

या काळात मेरियोंचं मन ठिकाणावर राहिलं नव्हतं. त्याची चित्रं विकली जात नव्हती. बोदलेरसारख्या कवीने १८५९ मध्ये त्याची जाहीर स्तुती केली, पण त्याने पोट भरत नाही. शेवटी शारांतोंच्या वेड्यांच्या इस्पितळात १८६८ मध्ये तो वारला. त्यामुळे पक्षी म्हणजे त्याच्या आजाराचं लक्षण, असं काही अभ्यासक सांगतात. असेलही. आम्हाला मात्र वाटतं की एवढ्यावर विषय संपवू नये. एकाच जागेकडे माणूस पुन्हा पुन्हा पाहतो तेव्हा त्याला तिथे वेगळं काही दिसत जातं. इतिहासकार दुसरं काय करतो?

आणखी एक सावधगिरी. मेरियों वरवर पाहता फार काटेकोर वाटतो. दगड न् दगड मोजावा असं रेखाटन. पण त्याने नोत्र-दामच्या बुरुजांची उंची एका चित्रात बिनदिक्कत वाढवली आहे. वेगवेगळ्या ठिकाणी उभं राहून केलेली रेखाटनं तो एकाच चित्रात जोडायचा. म्हणून एचिंगवरून कोणी पुलाची मापं काढायला बसला तर फसेल. त्याच्याआधी शंभर वर्षं, रोममध्ये पिरानेसी होऊन गेला. १७५६ च्या त्याच्या मोठ्या ग्रंथात रोमन पुलांचे पाण्याखालचे पाये दाखवणारी चित्रं आहेत. इतकी भव्य की पाहून छाती दडपते. पाण्याखाली जाऊन ते पाहणं त्याला शक्य नव्हतं; त्यातला बराच भाग त्याच्या कल्पनेचा आहे. याच पिरानेसीने लंडनच्या ब्लॅकफ्रायर्स पुलाचं, काम चालू असतानाचं एचिंग केलं. १७६४ सालची स्थिती आहे. कमानींखालचे लाकडी साचे त्यात स्पष्ट दिसतात आणि बांधकामाच्या इतिहासासाठी ते चित्र मोलाचं आहे. गंमत अशी की पिरानेसी लंडनला कधी गेलाच नव्हता. पुलाचा स्थापत्यकार रॉबर्ट मायल्न याने पाठवलेल्या रेखाटनावरून त्याने ते केलं. म्हणजे जवळ राहून पाहिलेलं चित्र कल्पनेचं असू शकतं आणि न पाहिलेलं चित्र विश्वासाचं असू शकतं. साधन तपासल्याशिवाय यातलं काहीच कळत नाही.

आपल्याकडे पूल कमी का होते

आता गाडी बदलू आणि दख्खनला येऊ.

रॉबर्ट ग्रिंडले नावाचा कंपनीच्या फौजेतला एक अधिकारी होता. पुढे ज्याच्या नावाची ग्रिंडलेज बँक झाली, तोच. त्याने १८२६ ते १८३० या काळात पश्चिम हिंदुस्थानातल्या देखाव्यांचा एक मोठा चित्रसंग्रह लंडनला प्रसिद्ध केला. ती चित्रं ॲक्वाटिंट पद्धतीची आहेत. एचिंगचीच बहीण, रेघेऐवजी राळेच्या भुकटीने छटा आणायची. त्या संग्रहात सासवडचं दृश्य आहे. म्हणजे आपल्या कऱ्हेचं. बारामतीच्या बाबूजी नाईकांच्या वाड्याशेजारून आणि मोरोपंतांच्या घराजवळून जी वाहते, तिचाच वरचा काठ. नदीकाठची देवळं आणि वाडा हा त्या चित्राचा विषय आहे. चित्र काठाचं आहे, पुलाचं नाही.

हे सहज झालेलं नाही. दख्खनच्या नद्या युरोपातल्या नद्यांसारख्या वर्षभर एका पातळीवर वाहत नाहीत. चार महिने दुथडी आणि आठ महिने गुडघाभर. उन्हाळ्यात तर पात्रात कलिंगडाच्या वाड्या. ज्या नदीतून आठ महिने बैलगाडी सरळ पलीकडे जाते, तिच्यावर लाखो रुपये खर्चून पूल कोण बांधणार? आणि जे चार महिने पूल हवा असतो, तेव्हाचा पूर इतका की साधा पूल टिकत नाही. म्हणून लोक उतार शोधायचे. उतार म्हणजे नदी जिथे पायी ओलांडता येते ती जागा. गावोगावचे रस्ते उतारांकडे जायचे. पुरात सांगड, नाव, आणि पुढे उसाचा भाग झाल्यावर गुळाची काहीलसुद्धा! काहिलीत बसून पूर ओलांडणं ही आपल्याकडे गोष्टीतली नव्हे, खरी घटना आहे.

राजकारणही या नद्यांच्या हातात होतं. पावसाळ्यात फौजा छावणीला राहायच्या आणि दसऱ्याला नद्या उतरल्या की सीमोल्लंघन. मराठ्यांच्या मोहिमांचं वेळापत्रक पंचांगात नव्हे, भीमा-नीरेच्या पात्रात ठरायचं. भीमथडीच्या तट्टांचं नाव झालं त्यात त्यांच्या चिवटपणाला मान होता. उतार पार करणारं घोडं लागायचं.

पूल मुळीच नव्हते असं नाही. प्रतापगडाच्या पायथ्याला पार गावी कोयनेवर शिवकाळातला दगडी पूल आजही उभा आहे. हैदराबादला मुसी नदीवर कुतुबशाहीतला १५७८ चा जुना पूल आहे. पुण्यात १७६१ मध्ये मुठेवर लाकडी पूल झाला. पानिपताहून परतणाऱ्या लोकांना गावात यायला वेगळी वाट असावी म्हणून नानासाहेब पेशव्यांनी तो बांधवला, अशी आठवण सांगतात. पराभवातून जन्माला आलेला पूल. तो पुराने नेला आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला त्या जागी दगडी पूल आला. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा मुठेचं पाणी पुण्याच्या पुलांवरून गेलं. पुण्यातल्या जुन्या माणसांना विचारा, ते पूर सांगताना पुलापासूनच सुरुवात करतात.

डिकसळ

आपल्या तालुक्यांत मोठा पूल आला तो रेल्वेबरोबर.

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा पुण्याकडून सोलापूरला जाणारा मार्ग १८५८ मध्ये डिकसळपर्यंत सुरू झाला. डिकसळ म्हणजे भिगवणजवळचं, इंदापूर तालुक्यातलं गाव. पुढे भीमा आडवी होती. तेव्हा बोरघाटाचं कामही पुरं झालेलं नव्हतं. ते १८६३ मध्ये झालं. म्हणजे मुंबईहून येणाऱ्याला घाटात उतरून पालखी-डोलीने वर यावं लागे, पण पुणे ते डिकसळ मात्र आगगाडी! जेम्स बर्कले हा कंपनीचा मुख्य इंजिनिअर. भीमेवर दगड-चुन्याचा कमानींचा पूल उभा राहिला, गाडी पलीकडे गेली आणि १८६० मध्ये सोलापूरला पोचली.

तारखा जुळवून बघा. पॅरिसमध्ये सराफ पूल पाडून नवा बांधला जात होता, १८५८ ते १८६०. त्याच दोन वर्षांत रेल्वे डिकसळला येऊन भीमा ओलांडत होती. हा योगायोग आहे, पण निरर्थक नाही. वेग, व्यापार आणि सरकारचा हात लांबवर पोचवणं, या एकाच युगाची ही दोन कामं आहेत.

फरक एवढाच की सराफ पुलासमोर मेरियों बसला होता. डिकसळच्या पुलाचं असं एचिंग आमच्या पाहण्यात नाही. म्हणून आज आपण एक प्रयोग करू. मेरियोंची रीत उसनी घेऊ. समजा डिकसळच्या पुलाचा एक तांब्याचा पत्रा आहे. त्याच्या अवस्था कोणत्या होतील?

पहिली अवस्था, १८६० च्या आसपासची. कमानींवर धूर सोडणारी आगगाडी. काठावर माना वर करून पाहणारे लोक. हा आपला फुगा, आपली ‘स्पेरांझा’. आशा खोटी नव्हती. रेल्वेच्या कामावर मजुरी मिळाली, हातात रोकड आली. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ नंतर कापसाला भाव आला आणि दख्खनच्या शेतकऱ्याची पत वाढली. सावकार मागे लागून कर्ज देऊ लागले.

दुसरी अवस्था, १८७५ ते १८७८. अमेरिकेतलं युद्ध १८६५ मध्येच संपलं होतं, कापसाचा भाव पडला होता, सरकारने सारा वाढवला होता. कर्ज तसंच उरलं. १२ मे १८७५ ला आपल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर आणि घरांवर चाल केली. त्यांना हवी होती खतं, रोखे, वह्या. कागद जाळायचे होते. दख्खनचे दंगे म्हणून ज्याचा जगभर अभ्यास होतो, त्याची सुरुवात बारामती तालुक्यात झाली आहे. पाठोपाठ १८७६ चा दुष्काळ. रेल्वेने धान्य आत आणलं, हे खरं. त्याच रेल्वेने देशातलं धान्य बंदरापर्यंतही नेलं. पुलावरून गाडी जाते आहे आणि खाली माणूस बुडतो आहे. पाणी नाही म्हणून बुडतो आहे, एवढाच फरक. याच दुष्काळातून नीरा डाव्या कालव्याचं काम पुढे आलं, आणि बारामती-इंदापूरचं पुढचं शतक त्या कालव्याने घडवलं.

तिसरी अवस्था, १९८० च्या आसपासची. उजनी धरण झालं. सुमारे ११७ टीएमसीचा साठा. भीमेचं पात्र फुगून इंदापूर, दौंड, करमाळा, कर्जत या तालुक्यांत पसरलं. काठावरची गावं उठली. पळसदेवचं जुनं गाव आणि पळसनाथाचं देऊळ पाण्याखाली गेलं. आता कडक उन्हाळ्यात, दुष्काळाच्या वर्षी, देऊळ वर येतं आणि लोक नावेने, पायी, जमेल तसे बघायला जातात. ज्या पुलाखाली उन्हाळ्यात वाळू दिसायची तिथे बारमाही पाणी आलं. लोहमार्ग नव्या पुलावरून गेला आणि जुना पूल रस्त्यासाठी राहिला. आगगाडी गेली, एसटी आली.

या धरणाला निव्वळ नुकसान म्हणणं खोटं ठरेल. सोलापूरला पाणी मिळालं, काठावर ऊस उभा राहिला, कोरडवाहू माणूस बागायतदार झाला. पण ज्यांची घरं आणि काळी आई पाण्याखाली गेली त्यांच्या हिशोबात हे जमेला कसं धरायचं? आशेच्या फुग्याकडे पाहताना नदीतल्या हाताकडेही पाहायचं, हे त्या एचिंगने आपल्याला शिकवलं असेल तर ते इथे उपयोगी पडतं.

चौथी अवस्था, आपल्या डोळ्यांसमोरची. पुलावरून उसाच्या गाड्या, दुधाचे टेम्पो, कॉलेजची पोरं. डिकसळ एका टोकाला आणि करमाळा तालुक्यातलं कोंढारचिंचोली दुसऱ्या टोकाला. पुणे आणि सोलापूर जिल्हा जोडणारा रोजचा रस्ता. आणि आकाशात पक्षी! उजनीच्या उथळ पाण्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात, भिगवणची ओळखच त्यांनी झाली. मेरियोंने फुगा पुसून पक्षी कोरले. इथे धरणाने आपोआप कोरले.

पाचवी अवस्था. आगगाडीच्या काळात बांधलेल्या पुलावर ट्रक, ट्रॅक्टर आणि दोन-दोन ट्रॉल्या. पायथ्याला कायमचं पाणी. अलीकडच्या वर्षांत पुलाचा काही भाग ढासळला आणि जड वाहनांना बंदी घालावी लागली. नवा पूल मंजूर झाला. तो व्हायलाच हवा. पूल बंद म्हणजे दोन्ही काठांच्या लोकांना मोठा वळसा; ऊस, दूध, दवाखाना, शाळा, सगळ्याला. जुन्या दगडांच्या प्रेमापोटी लोकांना धोक्यातून ये-जा करायला लावणं कोणी म्हणणार नाही.

मग आपण काय करायचं

आमचं म्हणणं एवढंच आहे की पूल जाण्याआधी त्याचा पत्रा कोरून घ्या. एचिंगच करा असं नाही. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. पण नुसते फोटो काढले म्हणजे नोंद झाली असं होत नाही. सेल्फीत पूल मागे असतो आणि आपण पुढे. नोंद करायची तर चार गोष्टी लागतात.

पहिली, मापं. गाळ्याची रुंदी, खांबाची जाडी, दगडाचा थर. मेरियोंवर आपण मापांसाठी भरवसा ठेवला नाही. आपल्यावर पुढच्यांनी ठेवावा असं काम करू. अभियांत्रिकीचे विद्यार्थी हे दोन सुट्ट्यांत करू शकतात, पुलावर न चढता, काठावरून आणि नावेतून.

दुसरी, तारीख आणि जागा. फोटोमागे कधी, कुठून, कोणत्या काठावरून, पाण्याची पातळी किती, हे लिहिलेलं असावं. पन्नास वर्षांनी तोच फोटो दस्तऐवज होतो.

तिसरी, अवस्था. एकदाच जाऊन चालणार नाही. भर पावसाळ्यात, हिवाळ्यात पक्षी असताना, मे महिन्यात पाणी उतरल्यावर, असं पुन्हा पुन्हा जायचं. पाणी खाली गेलं की खांबांवर जुन्या पातळ्यांच्या खुणा दिसतात. त्या वाचता येतात.

चौथी आणि सगळ्यात निकडीची, माणसं. धरणाच्या वेळी ज्यांनी घर सोडलं ते तेव्हा पंचविशीत असतील तर आज सत्तरीच्या घरात आहेत. त्यांनी या पुलावरून जाणारी आगगाडी पाहिली आहे, नदी पायी ओलांडली आहे, कोरड्या पात्रातल्या वाड्यांतली कलिंगडं खाल्ली आहेत. जुना उतार नेमका कुठे होता, नाव कोण चालवायचं, पुराची खूण कोणत्या पायरीला होती, हे कुठल्याच दप्तरात नाही. ते त्यांच्याबरोबर जाईल. पुलाचा दगड अजून काही वर्षं थांबेल, ही माणसं थांबतील असं नाही.

आम्हाला नेहमी एक प्रश्न येतो : आपल्या खेड्यापाड्यातल्या पुलाला पॅरिसच्या पुलाशेजारी का बसवता? कुठे ते शहर, कुठे आपलं डिकसळ! यावर आमचं उत्तर असं, की पॅरिसचा तो पूलही जगप्रसिद्ध इमारत नव्हता. रोजच्या वापरातला, जुना, पाडायला काढलेला पूल होता. त्याच्याकडे कोणीतरी नीट पाहिलं म्हणून तो उरला. त्या माणसाला फारसं गिऱ्हाईकही नव्हतं. आणि त्याने पूल कोरताना पुलाखालचा माणूसही कोरला, म्हणून आज दीडशे-पावणेदोनशे वर्षांनी आपण इथे बसून त्याच्याबद्दल बोलतो आहोत.

ऐकणाऱ्यांपैकी ज्यांचं गाव उजनीच्या पाण्याखाली गेलं आहे, ज्यांच्या घरी जुन्या पुलाचे, जुन्या स्टेशनचे, बुडालेल्या गावाचे फोटो आहेत, त्यांना एक विनंती. फोटोच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने नाव, गाव आणि साल आजच लिहून ठेवा. आणि घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला विचारा की पूर आल्यावर पलीकडे कसं जायचात. मोबाइल सुरू ठेवा आणि मध्ये बोलू नका. एवढं केलंत तरी पुढच्या इतिहासकाराचं निम्मं काम झालं.